वृद्धिघटक आणि फुप्फुसाच्या कर्करोगपेशींची वाटचाल

पाठदुखी थांबत नाही म्हणून अस्थिरोगतज्ज्ञाकडे गेलेल्या रुग्णाच्या मणक्यात गाठ आढळावी, किंवा अचानक फिट आल्याने मेंदूचे स्कॅन करावे आणि अखेर मूळ आजार फुप्फुसात असल्याचे निष्पन्न व्हावे, हा अनुभव कर्करोगतज्ज्ञांना नवा नाही. फुप्फुसातील गाठ अनेकदा कोणतीही वेदना न देता वाढते. तिच्यातील काही पेशी मात्र मूळ जागा सोडून रक्तावाटे मेंदू, हाडे, यकृत किंवा अधिवृक्क ग्रंथी गाठतात आणि तेथे नव्या गाठी तयार करतात. वैद्यकशास्त्रात या फैलावाला मेटास्टॅसिस म्हणतात.

फुप्फुसाचा कर्करोग हा जगात सर्वाधिक बळी घेणारा कर्करोग आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगभरात या रोगाचे सुमारे २४ लाख ८० हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे १८ लाख २० हजार रुग्णांचा मृत्यू झाला. गाठ फुप्फुसापुरती मर्यादित असताना शस्त्रक्रियेने ती काढून टाकता येते. पेशी एकदा इतरत्र रुजल्या की पूर्ण बरे होण्याची शक्यता झपाट्याने घटते. त्यामुळे शेजाऱ्यांना घट्ट चिकटून राहणारी पेशी जागा सोडून चालू का लागते, हा प्रश्न केवळ जीवशास्त्राचा राहत नाही. या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग 'वृद्धिघटक' नावाच्या प्रथिनांमध्ये दडलेला आहे.

वृद्धिघटक म्हणजे काय?

वृद्धिघटक म्हणजे एका पेशीने दुसऱ्या पेशीला पाठविलेला रासायनिक निरोप. अमेरिकेतील संशोधक स्टॅन्ली कोहेन यांनी उंदरांच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिलांना टोचला, तेव्हा पिलांचे डोळे नेहमीपेक्षा कितीतरी दिवस आधी उघडल्याचे त्यांना दिसले. या निरीक्षणाचा माग काढत त्यांनी १९६२ साली एका लहानशा प्रथिनाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्वचेच्या व अंतर्गत अवयवांच्या अस्तरातील पेशींची वाढ घडवून आणणारे हे ५३ अमिनो आम्लांचे प्रथिन पुढे 'एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर', म्हणजेच ईजीएफ, या नावाने ओळखले जाऊ लागले. मज्जापेशींच्या वृद्धिघटकाचा शोध लावणाऱ्या रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि कोहेन यांना १९८६ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

'वृद्धी' या शब्दामुळे या प्रथिनांचे काम केवळ वाढीचे आहे, असा समज होतो. तो अपुरा आहे. जखम झाली की कडेच्या पेशींना आपली जागा सोडून उघड्या भागावर सरकावे लागते. गर्भातील फुप्फुसाच्या नलिकांना फांद्या फुटताना पेशींना ठरावीक दिशेने पुढे जावे लागते. हे दोन्ही आदेश वृद्धिघटकच देतात. एफजीएफ-१० हा वृद्धिघटक जनुकीय तंत्राने काढून टाकलेल्या उंदरांच्या पिलांत फुप्फुसेच तयार होत नाहीत, इतके त्यांचे महत्त्व आहे. निरोगी शरीरात हे आदेश गरजेपुरते दिले जातात व काम संपताच मागे घेतले जातात. कर्करोगात यंत्रणा तीच असते. आदेश मागे घेण्याची व्यवस्था तेवढी बिघडलेली असते.

पेशी चालते कशी?

पेशीला पाय नसतात. तिच्या आत ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचे जाळे असते. पुढे सरकण्याच्या दिशेला हे तंतू वेगाने लांबत जातात आणि पेशीचे पातळ आवरण पंख्यासारखे पुढे ढकलतात. हा पुढे आलेला भाग इंटेग्रिन या प्रथिनांच्या साह्याने खालच्या पृष्ठभागाला पकड घेतो. त्यानंतर मधला भाग आकुंचन पावतो, मागची पकड सुटते आणि संपूर्ण पेशी थोडी पुढे ओढली जाते. हे चक्र पुन:पुन्हा घडते. पेशीचा वेग तासाला काही मायक्रोमीटर ते काही दहा मायक्रोमीटर इतकाच असतो. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. परंतु गाठीतून जवळच्या रक्तवाहिनीपर्यंतचे अंतरही फार नसते, आणि एकदा रक्तात शिरल्यावर पेशीला स्वत: चालावे लागत नाही.

ॲक्टिनच्या या हालचालींचे नियंत्रण रॅक, ऱ्हो आणि सीडीसी-४२ ही छोटी प्रथिने करतात. रॅकमुळे पंख्यासारखी कड पुढे येते, सीडीसी-४२ मुळे बोटांसारखे बारीक प्रवर्ध फुटतात, तर ऱ्होमुळे आकुंचनाचे बळ मिळते. वृद्धिघटक पेशीबाहेर येऊन चिकटला की काही मिनिटांतच ही प्रथिने जागी होतात, हे लंडनमधील ॲन रिडली आणि ॲलन हॉल यांच्या प्रयोगांतून १९९२ साली दिसून आले. बाहेरचा निरोप आणि आतली हालचाल यांच्यातील दुवा त्यामुळे स्पष्ट झाला.

प्रयोगशाळेत ही वाटचाल मोजण्याच्या दोन पद्धती विशेष प्रचलित आहेत. पहिलीत काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या तबकडीत पेशींचा सलग थर वाढवून त्यावर बारीक ओरखडा काढतात आणि ती फट किती वेळात भरते, हे सूक्ष्मदर्शकातून पाहतात. दुसरी पद्धत स्टीफन बॉयडन यांनी १९६२ साली पांढऱ्या पेशींसाठी विकसित केली. तीत सच्छिद्र पडद्याच्या वरच्या बाजूला पेशी व खालच्या बाजूला वृद्धिघटक ठेवतात. छिद्रे पेशीच्या व्यासापेक्षा लहान असतात. त्यामुळे पेशीला अंग चोरून पलीकडे जावे लागते. या प्रयोगांत 'ए-५४९' ही पेशींची वाण मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या गाठीपासून १९७२ साली तयार केलेल्या या पेशी आजही जगभरातील प्रयोगशाळांत वाढविल्या जातात.

ईजीएफचा दुहेरी आदेश

ईजीएफ पेशीत शिरत नाही. पेशीच्या पृष्ठभागावरील 'ईजीएफआर' या ग्राहीला तो चिकटतो. कुलपात किल्ली बसावी तसे हे घडते. मग दोन ग्राही जवळ येऊन जोडी जमवितात आणि पेशीच्या आतील टोकांवर एकमेकांना फॉस्फेटचे गट जोडतात. येथून संदेशाला वेगवेगळ्या वाटा फुटतात. एक वाट पेशीला विभाजनाचा आदेश देते, दुसरी तिला मरणापासून वाचविते. काही वाटा थेट हालचालीकडे जातात. पुढच्या कडेला रॅक जागे करणे, ॲक्टिनचे तंतू तोडून नवी टोके उपलब्ध करणे, मागची पकड सोडविणाऱ्या कॅल्पेन या विकराला चालना देणे, ही कामे त्या करतात. म्हणजे 'वाढ' आणि 'चाल' हे दोन्ही आदेश एकाच ग्राहीतून निघतात.

फुप्फुसाच्या सुमारे ८५ टक्के कर्करोगांची गणना 'नॉन-स्मॉल सेल' या गटात होते. त्यांतील काही रुग्णांच्या गाठीत ईजीएफआरच्या जनुकात उत्परिवर्तन झालेले असते. अशा वेळी ईजीएफची वाट न पाहता ग्राही सतत चालू राहतो. किल्ली नसतानाही कुलूप उघडेच राहावे, असा हा प्रकार आहे. हे उत्परिवर्तन धूम्रपान न करणाऱ्यांत आणि ॲडेनोकार्सिनोमा या प्रकारात अधिक आढळते.

'विखुरणारा' घटक

१९८० च्या दशकात ब्रिटनमधील मायकेल स्टोकर व त्यांच्या सहकाऱ्यांना एक चमत्कारिक दृश्य दिसले. अस्तराच्या पेशी एकमेकींना चिकटून बेटांसारखे समूह करून राहतात. परंतु संयोजी ऊतींतील पेशी ज्या द्रवात वाढविल्या होत्या तो द्रव या बेटांवर घालताच ती बेटे फुटली आणि पेशी सुट्या होऊन दूर पांगल्या. या द्रवातील प्रथिनाला त्यांनी 'स्कॅटर फॅक्टर', म्हणजे विखुरणारा घटक, असे नाव दिले. त्याच सुमारास जपानमध्ये तोशिकाझू नाकामुरा यांनी यकृताच्या पेशींची वाढ घडविणारा 'एचजीएफ' हा घटक शोधला होता. हे दोन्ही घटक म्हणजे एकच प्रथिन आहे, हे १९९१ साली सिद्ध झाले. त्याचा ग्राही 'मेट' या नावाने ओळखला जातो.

या शोधातून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. एचजीएफ मुख्यत: गाठीभोवतालच्या संयोजी ऊतींतील पेशी तयार करतात आणि मेट हा ग्राही अस्तराच्या पेशींवर असतो. म्हणजे कर्करोगपेशीला जागा सोडण्याची चिथावणी बहुतेकदा शेजारच्या, स्वत: कर्करोगग्रस्त नसलेल्या पेशींकडून मिळते. शिवाय सुमारे ३ ते ४ टक्के नॉन-स्मॉल सेल कर्करोगांत मेटच्या जनुकातील १४ क्रमांकाचा खंड गळालेला असतो. काम झालेल्या ग्राहीची विल्हेवाट लावण्याची खूण याच खंडात असते. ती नसल्याने ग्राही पृष्ठभागावर रेंगाळतो व आदेश देत राहतो.

रूप पालटणाऱ्या पेशी

चालण्यापूर्वी पेशीला शेजाऱ्यांची साथ सोडावी लागते. अस्तराच्या पेशींना एकत्र बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचे नाव ई-कॅडहेरिन. टीजीएफ-बीटा या वृद्धिघटकाचा निरोप मिळाला की पेशीतील स्नेल, झेब यांसारखी नियामक प्रथिने ई-कॅडहेरिनचे जनुक बंद करतात. त्याऐवजी व्हायमेंटिनसारखी भटक्या पेशींची प्रथिने तयार होऊ लागतात. फरशीसारख्या बसलेल्या ए-५४९ पेशी टीजीएफ-बीटाच्या सान्निध्यात दोन-तीन दिवसांत चातीसारख्या लांबट व सुट्या झालेल्या दिसतात. या बदलाला 'अभिस्तर ते मध्योती संक्रमण' म्हणतात. गर्भाच्या वाढीत असे संक्रमण घडते, हे अमेरिकी संशोधक एलिझाबेथ हे यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी मांडले होते.

टीजीएफ-बीटाची भूमिका मात्र दुटप्पी आहे. निरोगी पेशीत आणि गाठीच्या सुरुवातीच्या काळात तो विभाजनाला लगाम घालतो. पुढे कर्करोगपेशी हा लगाम झुगारतात, पण चालण्याचा आदेश तेवढा पाळतात. रक्तातील प्लेटलेट्समध्येही टीजीएफ-बीटाचा मोठा साठा असतो. रक्तात शिरलेल्या कर्करोगपेशीला प्लेटलेट्स चिकटल्या की तिची आक्रमकता वाढते, असे उंदरांवरील प्रयोगांतून २०११ साली दिसून आले.

प्रत्येक पेशीला फैलावासाठी हे संपूर्ण रूपांतर आवश्यक असतेच, असे नाही. काही पेशी अर्धवटच बदलतात, तर काही एकमेकींचा हात न सोडता टोळीने सरकतात. त्यामुळे या संक्रमणाचे प्रत्यक्ष रुग्णाच्या शरीरातील महत्त्व नेमके किती, यावर संशोधकांत मतभेद आहेत.

वाट आणि माती

गाठीतून बाहेर पडलेल्या पेशीला रक्तवाहिनी हवी. गाठी स्वत:साठी नव्या रक्तवाहिन्या तयार करवून घेतात, ही कल्पना ज्युडा फोकमन यांनी १९७१ साली मांडली. हे काम प्रामुख्याने व्हीईजीएफ या वृद्धिघटकाकडून होते. त्याच्यामुळे तयार झालेल्या वाहिन्या वेड्यावाकड्या व गळक्या असतात. पेशींना आत शिरणे त्यामुळे सोपे जाते.

रक्तात शिरलेल्या पेशींपैकी बहुसंख्य पेशी वाटेतच नष्ट होतात. उरलेल्या कोठे रुजतात, यामागेही सूत्र आहे. इंग्लंडमधील शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली बीज आणि मातीची उपमा दिली होती. बी सर्वत्र पडते, पण अनुकूल मातीतच रुजते. नव्या अवयवातील वृद्धिघटक हे या मातीचे खतपाणी मानले जाते. हाडांत टीजीएफ-बीटा आणि इन्सुलिनसदृश वृद्धिघटकांचा साठा असतो. कर्करोगपेशींमुळे हाड झिजू लागले की हा साठा मोकळा होतो आणि त्याच पेशींना पुन्हा पोसतो.

औषधे आणि प्रतिकार

ईजीएफआरचा आदेश रोखणारी गेफिटिनिब ही गोळी जपानमध्ये २००२ साली व अमेरिकेत २००३ साली उपलब्ध झाली. सुरुवातीला ती काही मोजक्या रुग्णांनाच का लागू पडते, हे कोडे होते. अमेरिकेतील संशोधकांनी २००४ साली ते उलगडले. ज्यांच्या गाठीत ईजीएफआरचे विशिष्ट उत्परिवर्तन होते, त्यांनाच तिचा ठळक फायदा होत होता. पूर्व आशियातील १,२१७ रुग्णांवरील चाचणीने २००९ साली त्यावर शिक्कामोर्तब केले. उत्परिवर्तन असलेल्यांना गोळी केमोथेरपीपेक्षा सरस ठरली, तर ते नसलेल्यांना केमोथेरपीच अधिक उपयोगी पडली. आधी तपासणी, मग औषध हा नियम तेथून रूढ झाला.

काही महिन्यांनी मात्र गाठ पुन्हा वाढू लागते. सुमारे निम्म्या रुग्णांत ईजीएफआरमध्येच टी-७९०-एम हे आणखी एक उत्परिवर्तन होते. काहींत पेशी मेटच्या जनुकाच्या प्रती वाढवितात आणि एक दार बंद झाल्यावर दुसऱ्या दाराने तोच संदेश आत घेतात. हे २००७ साली उघड झाले. टी-७९०-एमवर मात करणारे आणि मेंदूपर्यंत पोचणारे ऑसिमर्टिनिब २०१५ साली अमेरिकेत मान्य झाले. पहिले औषध म्हणून ते दिल्यास रोग सरासरी १८.९ महिने आटोक्यात राहतो, तर जुन्या गोळ्यांनी तो १०.२ महिने राहतो, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. मेटच्या खंडदोषासाठी कॅपमाटिनिबला २०२० साली, तर ईजीएफआर व मेट या दोहोंना एकाच वेळी पकडणाऱ्या ॲमिव्हॅन्टामॅब या प्रतिपिंडाला २०२१ साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

तथापि, ही औषधे मुख्यत: पेशींची वाढ थांबवितात व त्यांना मारतात, केवळ चाल रोखून रोग थांबविण्याचे प्रयत्न अद्याप फारसे यशस्वी झालेले नाहीत. पेशींना वाट करून देणाऱ्या विकरांविरुद्धची औषधे १९९० च्या दशकात मोठ्या अपेक्षेने आली आणि चाचण्यांत निष्प्रभ ठरली. मेटविरुद्धच्या ऑनार्टुझुमॅब या प्रतिपिंडाची मोठी चाचणी २०१४ साली अयशस्वी झाली. निदानाच्या वेळी अनेक रुग्णांत पेशी आधीच दूर पोचलेल्या असतात, हे यामागील एक कारण मानले जाते. गावाबाहेर पडलेल्यांना वेशीचे दार लावून अडविता येत नाही.

सुईची भीती आणि निदानाचा विलंब

भारतात या संशोधनाचा थेट संबंध येतो तो निदानाशी. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्रातील संशोधकांनी २०१३ साली ९०७ भारतीय रुग्णांच्या ॲडेनोकार्सिनोमाचे नमुने तपासले, तेव्हा २३ टक्के रुग्णांत ईजीएफआरचे उत्परिवर्तन आढळले. हे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक व पूर्व आशियापेक्षा कमी आहे. याच संस्थेने ३५० रुग्णांवर केलेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गेफिटिनिबला केमोथेरपीची जोड दिल्यास रोग आटोक्यात राहण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेल्याचे दिसले. महागडी नवी औषधे न परवडणाऱ्या रुग्णांच्या दृष्टीने हा निष्कर्ष मोलाचा आहे.

या उपचारांचा लाभ घेण्यासाठी गाठीचा तुकडा काढून तपासणे, म्हणजे बायॉप्सी, आवश्यक असते. 'सुई लावली की कर्करोग पसरतो' या समजुतीपोटी अनेक कुटुंबे तीच टाळतात. पेशी कशा चालतात, हे समजले की या समजुतीतील चूक ध्यानात येते. फैलावाचा आदेश सुईतून येत नाही. तो पेशीतील बिघडलेल्या ग्राहीतून आणि भोवतालच्या वृद्धिघटकांतून, बायॉप्सीच्या कितीतरी आधीपासून, येत असतो. सुईच्या मार्गात पेशी रुजण्याचे प्रकार अत्यंत दुर्मिळ आहेत. फुप्फुसाभोवती हवा साठणे, रक्तस्राव होणे असे धोके असतात. त्यासाठीच ही तपासणी रुग्णालयात देखरेखीखाली करतात. काही रुग्णांत उत्परिवर्तनाचा शोध रक्ताच्या नमुन्यातूनही घेता येतो. मात्र रक्तात ते सापडले नाही, म्हणून गाठीत ते नाहीच, असे म्हणता येत नाही.

दुसरा अडथळा क्षयरोगाच्या साम्याचा आहे. खोकला, थुंकीतून रक्त, वजन घटणे ही लक्षणे दोन्ही रोगांत दिसतात. त्यामुळे काही रुग्णांना थुंकीच्या तपासणीत क्षयाचे जंतू न सापडताही महिनोन्महिने क्षयाची औषधे दिली जातात. या काळात गाठ थांबून राहत नाही. क्षयाचा पुरावा मिळालेला नसेल, औषधांनी गुण येत नसेल किंवा एक्स-रेवरील डाग वाढत असेल, तर सीटी स्कॅन व बायॉप्सीविषयी डॉक्टरांना विचारण्यात दिरंगाई करू नये. धूम्रपान केलेले नाही, एवढ्यावरून कर्करोगाची शक्यता नाकारणेही धोक्याचे आहे.

पिलांचे डोळे लवकर उघडणाऱ्या एका अर्कापासून सुरू झालेले हे संशोधन सुमारे चाळीस वर्षांत रुग्णाच्या हातातील गोळीपर्यंत पोचले. पेशीला चालण्याचा आदेश नेमका कोणत्या वृद्धिघटकाकडून किंवा कोणत्या ग्राहीकडून मिळतो आहे, हे आता अनेक रुग्णांत सांगता येते. त्यासाठी गाठीचा लहानसा तुकडा वेळेत प्रयोगशाळेपर्यंत पोचणे मात्र गरजेचे आहे.